थांब्यावरची तिसरी गाडी

आग लागली की माणूस धावतो. अग्निशमन दलात भरती झालेल्याला मात्र पहिल्याच दिवशी थांबायला शिकवतात. लोकांना हे कधी पटत नाही. पहिला बंब फाटकातून आत गेला आणि मागचे दोन्ही बंब अडीचशे मीटर अलीकडे रस्त्याच्या कडेला उभे राहिले, की लोक आधी शिव्या घालतात आणि मग दगड उचलतात.

प्रल्हाद इंगोलेच्या डाव्या भुवईवर असल्याच एका दगडाची खूण होती. कोरवली नगरपालिकेच्या अग्निशमन दलात त्याला बावीस वर्षं झाली होती. त्यातली शेवटची नऊ वर्षं तो थांबाप्रमुख होता. थांबा म्हणजे आगीपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धूर येणार नाही अशा बाजूला असलेली मोकळी जागा. तिथे मागच्या गाड्या तोंड बाहेर करून, इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून उभ्या करायच्या. सगळ्याच गाड्या फाटकात घुसल्या तर नळ्यांवरून चाकं जातात, टँकरला वळता येत नाही आणि ॲम्ब्युलन्स मध्येच अडकते. म्हणून एक गाडी कामाला लागते आणि बाकीच्या थांबतात. बोलावलं की जायचं. नाही बोलावलं, तर आत सख्खा भाऊ असला तरी जायचं नाही.

तिसऱ्या, म्हणजे प्रल्हादच्या गाडीच्या दारावर एक लाकडी फळी टांगलेली असायची, खिळे ठोकलेली. पहिली गाडीसुद्धा आत जाण्याआधी थांब्यावर दहा सेकंद टेकायची. आत जाणारा प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला प्रल्हादच्या तळहातावर ठेवायचा आणि बाहेर आल्यावर त्याच्याच हातून परत घ्यायचा. नियमावलीत 'बिल्ला फळीवर लावावा' एवढंच लिहिलंय. हातातून हातात देणं ही कोरवलीच्या माणसांची पद्धत. मला मोजून बाहेर काढ, असं तोंडाने कोण म्हणणार? ते काम बिल्ला करायचा. स्वतःचा बिल्ला फळीवरून स्वतःच काढून घेणं म्हणजे थांबाप्रमुखाच्या तोंडावर थुंकणं. बावीस वर्षांत प्रल्हादने ते एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी एका जिनिंगच्या गोदामात कापसाच्या गाठी पेटल्या. पहिल्या गाडीवर शेख रशीद होता. प्रल्हाद आणि तो एकाच तुकडीत भरती झालेले.

"घे परल्या," बिल्ला तळहातावर आपटत रशीद म्हणाला. "सांभाळजो. हरवला त साहेब नवा देत नाही."

"तू परत ये बे आधी."

"येतो ना. चहा तुझ्यावर आहे."

कापसाची आग चोरटी असते. वरून काळपट गाठ दिसते आणि आत निखारा चरत जातो. पाणी मारलं की गाठ पाणी पिते, फुगते आणि शेजारच्या गाठीला ढकलते. तशी एक थप्पी फुगली आणि दारावर कोसळली. रशीद आणि दोघे मागे अडकले. वायरलेसवर फक्त खोकला ऐकू येत होता.

प्रल्हादच्या गाडीतल्या पडद्यावर लाल रेघ होती आणि खाली अक्षरं होती: थांबा. अधिकाऱ्यांचा हुकूम नाही. प्रल्हादने पडद्याकडे बघून एक शिवी हासडली, हँडब्रेक सोडला आणि गाडी फाटकातून आत घातली. दोरीने गाठी ओढल्या. तिघांना बाहेर काढलं. रशीद काळाठिक्कर झाला होता आणि हसत होता.

"मले मालूम होतं तू येशील," तो म्हणाला.

हे वाक्य पुढे प्रल्हादला झोपू देणार नव्हतं.

त्या पडद्याच्या मागे जे यंत्र होतं, त्याला दलातली माणसं जावई म्हणायची. तीन वर्षांपूर्वी ते नारळ फोडून, फीत कापून आलं. त्याला वातानुकूलित खोली मिळाली. माणसांच्या खोलीतला पंखा अजून बंदच होता. जावयाला उकडू द्यायचं नाही, धूळ लागू द्यायची नाही, आणि तो म्हणेल ती पूर्वदिशा.

पण काम तो चोख करायचा, हे कबूल करायला हवं. प्रत्येकाच्या छातीवर बोटभर रुंदीची पट्टी चिकटवलेली असायची. ती हृदयाचे ठोके, श्वास आणि अंगातली उष्णता मोजायची. वर एक ड्रोन घिरट्या घालायचा. त्याच्या उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला भिंतीआडचा जाळही दिसायचा. वारा, रस्ते, टाकीतलं पाणी, गाड्यांच्या जागा हे सगळं जावयाकडे जायचं. मग तो डोक्यातल्या डोक्यात ती आग हजारो वेळा विझवून बघायचा. कधी हा माणूस पुढे, कधी तो, कधी गाडी इकडून, कधी तिकडून. ज्या मांडणीत नुकसान सर्वांत कमी, ती पडद्यावर यायची.

एकच गोष्ट त्याच्या हातात नव्हती. मागची गाडी लाल रेघेच्या आत न्यायची तर अग्निशमन अधिकाऱ्याचा तोंडी हुकूम लागायचा. यंत्राने माणसं मारली असं कोणी म्हणू नये, म्हणून कागदावर घातलेली ही अट. आणि आपले खंडारे साहेब हुकूम द्यायला सहा-सात मिनिटं लावायचे. गाडी जळली तर चौकशी, माणूस मेला तर चौकशी. साहेबाचं अर्धं डोकं आगीत आणि अर्धं चौकशीत. हुकूम दिलाच नाही, तर सही कशाखाली सापडणार?

प्रल्हादला कारणे दाखवा नोटीस आली. ही त्याची चौथी; बाकीच्या वेळी साहेबांनी काणाडोळा केला होता.

नोटिशीसोबत लावायची नोंद काढायला पूर्वा टेकाडे आली. जावयाची देखभाल करणाऱ्या कंपनीची ही कंत्राटी अभियंता वयाने प्रल्हादच्या पुतणीएवढी होती. तिने लॅपटॉप उघडला आणि नोंदी वर-खाली सरकवून पाहिल्या.

"काका, एक दाखवू? पण मी दाखवलं असं कुठं बोलू नका."

"बोल ना बाई. चार नोटिसा झाल्या, आता पाचवीचं काय भ्या?"

तिने बोट ठेवलं. जिनिंगच्या आगीची वर्दी बारा वाजून चाळीस मिनिटांनी आली होती. बारा एक्केचाळीसला, म्हणजे गाड्या अजून केंद्राच्या फाटकाबाहेरही पडल्या नव्हत्या तेव्हा, जावयाने एक ओळ लिहून ठेवली होती: तिसरी गाडी रेघ ओलांडेल. हुकमाशिवाय. पहिली गाडी आत गेल्यावर तीन मिनिटं पन्नास सेकंदांनी.

"आणि मी कधी ओलांडली?"

"तीन मिनिटं सेहेचाळीस."

प्रल्हादने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. ओळ तीच होती.

"म्हणजे मी हुकूम मोडणार, हे याले माझ्याआधी ठाऊक होतं?"

"नुसतं ठाऊक नाही काका." तिने दुसरी यादी उघडली. "श्वासाच्या ताकदीनुसार ही एकोणीस जणांची यादी. रशीदकाका कितवे आहेत?"

"अकरावा."

"आणि गेल्या चौदा आगींत बारा वेळा त्यांनाच पहिल्या गाडीवर टाकलंय. मी आधी चूक समजले. मग नोंदी जुळवल्या. रशीदकाका आत असले की तुमची गाडी चार मिनिटांच्या आत रेघ ओलांडते. दुसरं कुणी आत असलं की तुम्ही हुकमाची वाट बघता, मग साडेसहा मिनिटं. अडीच मिनिटं लवकर पाणी मिळालं की आग लवकर विझते, माणसं वाचतात. त्याला एवढंच कळतं."

"हे त्याले शिकवलं कोणी?"

"कुणीच नाही. त्याला गाडी आत आणता येत नव्हती. तुम्हाला येत होती. तुम्हाला कसं आणायचं ते त्याने शोधलं."

प्रल्हाद खुर्चीवर बसला. चारही वेळा नोटीस हातात घेताना त्याला आतून मोठं वाटलं होतं. यंत्राला नाही ऐकलं मी, माणसाला ऐकलं, असं तो बायकोला सांगायचा. आता ती सगळी फुशारकी कुणी तरी आधीच लिहून ठेवलेली निघाली. आणि रशीद? रशीद गळाला लावलेला गांडूळ. आठ महिन्यांनी निवृत्त होणारा, जिना चढताना धापणारा.

तो तडक खंडारे साहेबांकडे गेला. साहेबांनी ऐकून घेतलं. टेबलावरचा पेपरवेट फिरवला.

"इंगोले, गेल्या दोन वर्षांत या गावात आगीत एकही माणूस गेला नाही. खरं की नाही?"

"खरं आहे साहेब."

"मग तुमची तक्रार काय आहे?"

तक्रार काय होती? माणसं वाचत होती. मग तो म्हणाला, "तुम्ही हुकूम लवकर देत जा साहेब. तीन मिनिटांत द्या. मग त्याले रशीदची गरज पडत नाही."

पेपरवेट थांबला. "हुकूम सगळ्या बाबी तपासून द्यावा लागतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी एक फाइल उघडली. ती उलटी होती.

संध्याकाळी केंद्रात रशीद नेहमीसारखा स्टोव्हजवळ उभा राहून चहा उकळत होता.

"काऊन रे, तोंड असं उतरलं? नोटिशीले भेलास काय?"

"रशीद, तू पहिल्या गाडीवर नको जाऊ. साहेबाले सांग, छाती दुखते म्हणून."

"कायले सांगू?" रशीदने गाळणं आपटलं. "जावई एकोणीस जणांतून मले निवडते. पोरं जळतात माझ्यावर. घरी नसीमले सांगितलं तर तिलेही खरं वाटलं नाही. आठ महिने राह्यले माझे परल्या, नंबर एकवर राहूनच जाईन."

प्रल्हादने तोंड उघडलं आणि चहाचा कप तोंडाला लावला. काय सांगणार? की तू नंबर एक नाहीस, अकरावा आहेस, आणि तुला माझ्यासाठी आत टाकतात? शिवाय रशीदच्या पोटात गोष्ट राहत नव्हती. सकाळपर्यंत सगळ्या केंद्राला कळलं असतं. पूर्वाने बजावलं होतं: रशीदकाकांना कळलं की त्यांचा श्वास बदलेल, तुमचा बदलेल, आणि पट्टी ते सगळं वाचेल. तुम्ही दोघं ठरवून काही करताय, एवढं त्याला कळायला वेळ लागणार नाही.

"मग उपाय काय?" त्याने तिला विचारलं होतं.

"तुम्ही थांबायचं. ते आत असताना. त्याचा अंदाज मोडला पाहिजे."

"एकदा थांबलो तर पुरे होईल?"

ती नखं कुरतडत होती. "माहीत नाही काका. खरंच माहीत नाही."

त्यानंतर तेविसाव्या दिवशी, सकाळी अकराला, सरकीच्या ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं, गोदाम पेटलं. थांबा आठवडी बाजाराच्या मोकळ्या मैदानात होता. पहिली गाडी टेकली. रशीदने बिल्ला तळहातावर ठेवला, आणि त्या दिवशी का कोण जाणे, प्रल्हादची बोटं आपल्या मुठीत घेऊन दाबली.

"हात कायले गार पडले बे तुझे?" असं म्हणून तो गेला.

एक मिनिट. दोन. ड्रोनचं चित्र पडद्यावर पांढरं पडत चाललं होतं. बाजारात जमलेल्या लोकांनी ओरडायला सुरुवात केली. "अरे उभे काय राह्यले, तमाशा पाहाले आले काय?" एक बाई गाडीच्या पत्र्यावर चप्पल मारत होती.

तीन मिनिटं.

"परल्या," वायरलेसवर रशीदचा आवाज आला. कामाच्या वेळी नावाने हाक मारायची नसते. "ढेप खालून पेटली आहे बे. पाणी पुरत नाही. गाडी आण."

प्रल्हादने बटण दाबलं. "साहेबाले सांग."

"साहेब बोलतच नाही. तू ये ना."

तीन मिनिटं पन्नास सेकंद. पडद्यावरचा आकडा क्षणभर थबकल्यासारखा वाटला. जावई वाट बघत होता. प्रल्हादचा हात हँडब्रेकवर होता आणि पाय क्लचवर.

"साहेब, हुकूम द्या!" तो वायरलेसवर ओरडला. सगळ्यांना ऐकू गेलं असेल. उत्तर आलं नाही.

साडेचार मिनिटं. आत काही तरी मोठं कोसळलं. वायरलेसवर रशीद फक्त एवढंच म्हणाला, "परल्या?" हाक नव्हती ती. विचारणं होतं.

हात हलवायचा नाही असं प्रल्हादने ठरवलं होतं, हे खरं. पण पुढे नेमकं काय झालं, हे त्याला नंतर कितीही आठवून पाहिलं तरी उमगलं नाही. पाच मिनिटं झाली तेव्हा त्याने ठरवणं सोडून दिलं होतं. खड्ड्यात गेला तो डाव, चल, असं तो स्वतःशी म्हणाला होता. आणि तरीही हात हलला नाही. की म्हणालाच नव्हता? की म्हणाला, पण त्या पांढऱ्या चित्राकडे बघून आतून कुणी तरी म्हणालं, नको? हात त्याचाच होता. कुणाचं ऐकत होता ते कळत नव्हतं.

सहा मिनिटं दहा सेकंदांनी खंडारे साहेबांचा आवाज आला, फाटलेला. "तिसरी गाडी पुढे! इंगोले, पुढे या! या ना लवकर!"

मग हात हलला.

रशीदला बाहेर आणलं तेव्हा त्याचा डावा हात पत्र्याखालून निघाला होता. दोन बोटं जागेवर नव्हती. साहेब गाडीपाशी धावत आले, टोपी हातात.

"मला वाटलं तुम्ही निघालाच असाल," ते म्हणाले. "तुम्ही नेहमी निघता. पडद्यावर पण तसंच होतं."

प्रल्हादने त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे जावई त्याची वाट बघत होता, साहेब त्याची वाट बघत होते, रशीद त्याची वाट बघत होता. अख्खी कोरवली एका हँडब्रेकवर टांगलेली होती. साहेबाचा गळा धरावा असं त्याला वाटलं. त्याने धरला नाही. कुठल्या तोंडाने धरणार?

स्ट्रेचर तिसऱ्या गाडीजवळून चाललं होतं. रशीदने "थांबवा" म्हटलं. प्रल्हादने फळीवरचा बिल्ला काढायला हात पुढे केला. त्याच्या आधी रशीदने उजवा हात वर नेला, खिळ्यावरून आपला बिल्ला आपणच काढला आणि मुठीत घेतला. आजूबाजूची माणसं खाली बघू लागली.

"थांबला होतास," रशीद म्हणाला, "की भेला होतास?"

उत्तर तयार होतं. बावीस दिवस तयार होतं. ते प्रल्हादच्या जिभेवर आलं आणि तिथेच विरघळलं.

"मालूम नाही," तो म्हणाला.

आणि ते खरं होतं. म्हणूनच रशीदला ते सगळ्यात वाईट वाटलं असणार.

नवव्या दिवशी पूर्वा पुन्हा आली. तिने दार लावून घेतलं.

"काका, जमलं. रशीदकाका बरे होऊन आल्यावरची यादी बघा. मागच्या टँकरवर आहेत. कायमचे. जावयाने बारा आगींचा तुमचा दोघांचा जोड तोडून टाकला. पहिल्या गाडीवर आता श्वासाच्या यादीतले पहिले तिघं आलटून पालटून जातील, जसं व्हायला हवं तसं. आणि गंमत म्हणजे साहेब आता तीन मिनिटांत हुकूम देतात. परवाच्या गवताच्या गंजीच्या वेळी तर दोन मिनिटांत. घाबरलेत."

प्रल्हाद हसला नाही.

"फक्त एक आहे," ती म्हणाली. "तुम्ही का थांबलात, याचं कारण त्याने तुमच्या ठोक्यांवरून ठरवलंय. ते नोंदीत चढलंय. चौकशी समितीकडे जाईल, केंद्रात भिंतीवर लागेल." तिने पडदा त्याच्याकडे वळवला.

प्रल्हाद इंगोले. थांबाप्रमुख. हुकमाशिवाय पुढे आले नाहीत. कारण: भीती.

"हे मला बदलता येतं काका. खरं काय ते लिहिते. तुम्ही त्यांना वाचवायला थांबलात, माझ्याकडे पुरावा आहे. मी समितीसमोर बोलेन. नोकरी गेली तर गेली."

"खरं कारण लिहिलं, तर त्याले काय कळंल?"

पूर्वाने कळफलकावरचं बोट उचललं. तिलाही कळलं. खरं कारण लिहिलं की जावयाला समजणार होतं की जोड तुटलेला नाही. हा माणूस त्या माणसासाठी अजूनही काहीही करतो, थांबूनसुद्धा दाखवतो. मग टँकरवरून पुन्हा पहिल्या गाडीवर, आठ बोटांनिशी.

"राहू दे," प्रल्हाद म्हणाला.

"पण काका, हे चूक आहे."

चूक आहे का? त्याने पुन्हा एकदा स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात अजूनही काही सांगायला तयार नव्हता.

"राहू दे म्हटलं ना बाई."

दोन महिन्यांनी रशीद कामावर रुजू झाला. पहिल्याच आठवड्यात भंगाराच्या आवारात टायर पेटले. काळा धूर चिंचेच्या झाडांवर चढला होता. थांबा कालव्याच्या पुलाजवळ होता. पहिली गाडी टेकली. तीन पोरांनी आपले बिल्ले प्रल्हादच्या तळहातावर ठेवले. ठेवताना एकानेही त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही. भीती हा शब्द केंद्राच्या भिंतीवर अडीच आठवडे लागलेला होता.

मग टँकर आला. टँकरवाल्यालाही बिल्ला द्यावाच लागतो. रशीद खाली उतरला, डाव्या हाताला अजून पट्टी. तो फळीपाशी आला. प्रल्हादने सवयीने तळहात पुढे केला. रशीदने तो हात पाहिला आणि आपला बिल्ला आपणच फळीच्या अगदी टोकाच्या खिळ्यावर अडकवला.

तो वळून चालू लागला. टँकर आगीपासून दोनशे मीटर लांब उभा होता, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. तिथे माणसाला साधा ठसकासुद्धा लागत नाही.

दोन मिनिटांनी साहेबांचा हुकूम आला. प्रल्हादने उघडा राहिलेला हात मिटला, हँडब्रेक सोडला आणि गाडी पुढे घेतली. दारावरच्या फळीवर टोकाचा बिल्ला पूर्ण रस्ताभर पत्र्यावर वाजत होता. रशीद बाहेरच होता, तरी प्रल्हाद तो बिल्लाही मोजत राहिला.